लेखणीचे ऋण : गोदावरी परुळेकर, होसे रिझाल आणि राष्ट्रीय साहित्याचा नैतिक प्रश्न

१

दुसऱ्याच्या दुःखाचे लेखन करणाऱ्या लेखकाचा राष्ट्र जेव्हा गौरव करते, तेव्हा तो गौरव नेमका कोणाचा असतो? लेखकाचा, त्याच्या भाषेचा, की ज्याचे दुःख लिहिले गेले त्याचा? हा प्रश्न समीक्षेत सहसा विचारला जात नाही. साहित्यकृती एकदा राष्ट्रीय साहित्यात दाखल झाली की ती सर्वांची झाली, असे गृहीत धरले जाते. परंतु ती 'सर्वांची' होत असताना, ज्यांच्या जगण्यातून ती निर्माण झाली त्यांचा तिच्यावरील हक्क वाढतो की नाहीसा होतो, हे तपासल्यावाचून ते गृहीतक मान्य करता येणार नाही.

ह्या तपासणीस १९७२ हे वर्ष सोयीचे आहे. त्या वर्षी गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ह्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फिलिपीन्समध्ये 'राष्ट्रीय कलावंत' हा तेथील सर्वोच्च कलासन्मान निर्माण करण्यात आला. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. मात्र दोन्हीकडे एक सारखी मांडणी दिसते. एका बाजूस दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा, निरक्षर किंवा अल्पाक्षर शेतकरी. दुसऱ्या बाजूस त्याची बाजू घेणारा सुशिक्षित लेखक. आणि त्या लेखकाच्या कृतीस आपली म्हणणारे, तिला मानचिन्ह देणारे राष्ट्र. वसाहतीतून बाहेर पडलेल्या समाजांच्या साहित्याला ह्या त्रिकोणातून सुटका नाही. म्हणूनच फिलिपिनो साहित्याने ह्या प्रश्नाशी कसा व्यवहार केला, हे पाहणे मराठी समीक्षेला परके ठरू नये.

प्रश्नाचा मूर्त आकार नरपडवरून पाहिला असता अधिक स्पष्ट होतो. डहाणूच्या उत्तरेस समुद्राला लागून नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावे आहेत. ही चिकूच्या वाड्यांची पट्टी. तिच्या पूर्वेस, तलासरीच्या दिशेने, वारल्यांचे पाडे विखुरलेले आहेत. वाडीवर मजुरीस येणाऱ्या वारली बाईची घरची बोली वारली असते. मालकाशी बोलताना गुजराती किंवा मराठी लागते. तलाठ्याकडे, शाळेत आणि पोलिसांपुढे मराठी लागते. पुण्यामुंबईच्या वाचकास 'जेव्हा माणूस जागा होतो' हे लोकभाषेतले पुस्तक वाटते. इंग्रजीच्या तुलनेत ते आहेही. परंतु नरपडच्या त्या बाईच्या दृष्टीने मराठी ही जशी शेजारची भाषा आहे, तशीच ती कागदाची आणि कचेरीचीही भाषा आहे. 'आपली भाषा' हा शब्द कोठून उच्चारला जातो, ह्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

२

डहाणू आणि तत्कालीन उंबरगाव तालुक्यांत अक्षर निष्पाप रूपाने आले नाही. मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीसंबंधीचा सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून वेठबिगारीचे आणि कर्जातून येणाऱ्या दास्याचे चित्र सरकारदरबारीही नोंदले गेले होते. त्या दास्याचे सर्वांत बोलके रूप म्हणजे 'लग्नगडी'. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबावयाचे, अशी ती रीत होती. कर्ज किती फिटले आणि किती उरले हे मालकाची वही सांगे. ती वही वारल्याला वाचता येत नसे. कागदावर त्याचे अस्तित्व अंगठ्यापुरते होते. ज्या प्रदेशात लिहिणे म्हणजे दुसऱ्याला बांधून ठेवणे असा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आला, तेथे मुक्तीचे पुस्तकही अखेर लिहिलेलेच असते, ही गोष्ट विसरता येत नाही.

गोदावरी परुळेकर (१९०७-१९९६) पुण्याहून आलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत काम केलेल्या कार्यकर्त्या होत्या. वारली प्रदेशात त्या पाहुण्या म्हणून आल्या आणि 'गोदाराणी' झाल्या. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेस वारली प्रतिनिधी गेले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सभा झाली आणि वेठ व लग्नगडी ह्यांच्या विरुद्धचा लढा उभा राहिला. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवतास अडीच रुपये. मालकाच्या वहीतील आकड्यासमोर वारल्याने प्रथमच स्वतःचा आकडा ठेवला, हे ह्या मागणीचे महत्त्व आहे.

ह्या लढ्यातील एक घटना प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो आदिवासी जमले. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरवण्यात आला होता. जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. हा निरोप ज्यांच्या नावाने फिरला त्या तेथे नव्हत्या, त्यांनी तो पाठविलाही नव्हता. लोकांच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव त्या व्यक्तीपासून सुटे होऊ शकते आणि भलत्याच हातांत पडून त्या लोकांच्याच जिवावर उठू शकते, हा प्रतिनिधित्वातला धोका तलवाड्याने रक्ताने नोंदवून ठेवला आहे. ह्यात गोदावरीबाईंचा दोष नाही. परंतु विश्वास जितका मोठा, तितके त्या नावाचे स्वतंत्र आयुष्य अधिक धोक्याचे, एवढे त्यातून निश्चित होते.

गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात, मार्क्सच्या आधाराने, एका शब्दात मिसळलेले दोन अर्थ वेगळे करून दाखविले आहेत. कोणाच्या वतीने उभे राहणे हा एक, आणि कोणाचे चित्र उभे करणे हा दुसरा. मराठीत त्यांना प्रतिनिधित्व आणि चित्रण असे स्वतंत्र शब्द असल्याने त्यांची गल्लत होण्याचे कारण नाही. तरी ती होते. १९४५ मध्ये गोदावरीबाई प्रतिनिधी होत्या. सभेत लोक समोर बसलेले असत. ते मान हलवू शकत, उठून जाऊ शकत, संपाला नकार देऊ शकत. १९७० मध्ये त्या चित्रणकार झाल्या. पुस्तक वाचणारा वाचक वेगळा होता आणि दूर होता; ज्यांचे चित्रण झाले त्यांना मान हलविण्याची सोय उरली नाही. प्रतिनिधीला परत बोलाविता येते, चित्रणाला परत बोलाविता येत नाही. दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत आल्या म्हणजे पहिल्या भूमिकेने कमावलेला विश्वास दुसरीच्या खात्यावर आपोआप जमा केला जातो. नैतिक अडचण नेमकी येथे आहे.

पुस्तकाच्या शीर्षकाचा विचार ह्या संदर्भात करण्याजोगा आहे. 'जागा होतो' हे शब्द दोन बाजूंनी वाचता येतात. जो जागा होतो तो आधी निजलेला असला पाहिजे. म्हणजे लाल बावटा येण्यापूर्वीचा वारली झोपलेला होता काय? वारली लग्नात धवलेरी गाते. सवासिनींनी भिंतीवर लिहिलेल्या चौकात पालघट देवी असते आणि धवलेरीच्या गाण्यांवाचून लग्न लागत नाही. भगताच्या तोंडी कणसरीची कथा असते. हा समाज शब्दाच्या, स्मृतीच्या, विश्वकल्पनेच्या बाबतीत कधीच निजलेला नव्हता. त्याच्यापाशी नव्हती ती सत्ता. ज्या लग्नाच्या कर्जापायी माणूस लग्नगडी झाला, त्याच लग्नात धवलेरीचे गाणेही होते. लढ्याचे लेखन लग्नाकडे प्रामुख्याने ऋणाच्या बाजूने पाहते. गाणे त्याच लग्नाकडे सृष्टीच्या बाजूने पाहते. दोन्ही खरे आहे. परंतु राष्ट्रीय साहित्यात पहिलेच सत्य पुस्तकरूपाने पोहोचले.

शीर्षकाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'जागा होणे' हे क्रियापद अकर्मक आहे. माणसाला कोणी जागे केले असे शीर्षक म्हणत नाही, माणूस होतो. उद्धारकाचा कर्तेपणा लेखिकेने शीर्षकाच्या व्याकरणातूनच वगळलेला आहे. शिवाय 'आदिवासी' किंवा 'वारली' असा शब्द न योजता 'माणूस' हा शब्द योजल्याने, जागी होणारी व्यक्ती पुण्याहून आलेली कार्यकर्तीही असू शकते. पुस्तक टिकून राहण्याचे कारण बहुधा हेच असावे. त्यातील अधिकारवाणीपेक्षा त्यातील शिकण्याची तयारी अधिक विश्वसनीय आहे.

३

फिलिपीन्सच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक उघड्या स्वरूपात दिसतो, कारण तेथे भाषेचे अंतर मोठे होते. होसे रिझाल (१८६१-१८९६) यांची 'नोली मी टांगेरे' ही कादंबरी १८८७ मध्ये बर्लिनमध्ये आणि 'एल फिलिबुस्तेरिस्मो' १८९१ मध्ये गेंट येथे छापली गेली. दोन्ही स्पॅनिशमध्ये आहेत. ज्या समाजाचे चित्र त्यांत आहे, त्यातील अगदी थोड्यांना ती भाषा वाचता येत होती. पहिल्या कादंबरीचे शीर्षक तर लॅटिन आहे. स्वतः रिझाल हे कालाम्बा येथील डॉमिनिकन पंथाच्या जमिनीवरील कुळाच्या घराण्यातले. परंतु ते मोठे कूळ होते, आणि अशा कुळांच्या हाताखाली आणखी पोटकुळे राबत. म्हणजे ते शेतकऱ्यांच्या प्रश्नाच्या आत होते आणि त्याच्या वरही होते.

'नोली'च्या अर्पणपत्रिकेत रिझाल यांनी देशाला रोगी कल्पिले आहे. प्राचीन काळी रोग्याला देवळाच्या पायरीवर ठेवीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यापैकी कोणी उपाय सुचवील. तसे आपण करीत आहोत, असा त्यांचा आशय आहे. ही प्रतिमा प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तिच्यातील प्रश्न लपत नाही. रोग्याला पायरीवर कोण ठेवतो? त्याला विचारून ठेवतो काय? येणारे-जाणारे कोण आहेत? स्पॅनिश वाचणारा युरोप आणि मनिलातील सुशिक्षित वर्ग हे ह्या पायरीवरून जाणारे होते. 'नोली'तील मुले गमावून वेडी झालेली सिसा ही माता फिलिपिनो कल्पनाविश्वात अमर झाली. पण जिच्यासारख्या स्त्रीवरून ती घडली, तिला ते पुस्तक वाचणे शक्य नव्हते.

ह्या विसंगतीची जाणीव रिझाल यांना नव्हती असे म्हणता येत नाही. १८९२ च्या सुमारास त्यांनी तिसरी कादंबरी तागालोग ह्या आपल्या मातृभाषेत लिहावयास घेतली. 'माकामिसा' ह्या नावाने ती ओळखली जाते. काही मजकूर झाल्यावर तागालोगचा हात सुटला; लेखन स्पॅनिशकडे वळले आणि अपुरेच राहिले. राष्ट्राचा अग्रगण्य कादंबरीकार राष्ट्राच्या लोकांच्या भाषेत कादंबरी पुरी करू शकला नाही, ही गोष्ट त्याच्या दोन पूर्ण कादंबऱ्यांइतकीच अर्थपूर्ण आहे. ऋण मान्य करणे आणि ते फेडता येणे ह्यांतील अंतर त्या अपुऱ्या हस्तलिखितात दिसते.

ह्या अंतराला फिलिपीन्सने कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. १९५६ च्या रिझाल कायद्याने दोन्ही कादंबऱ्यांचे वाचन शिक्षणसंस्थांत सक्तीचे झाले. कॅथलिक चर्चने त्यास कडाडून विरोध केला होता. सक्तीचे वाचन हा साहित्याचा गौरव की त्याचे सरकारीकरण, ह्याविषयी मतभेद संभवतात. परंतु त्याच कायद्यातील एका तरतुदीकडे मराठी समीक्षेने लक्ष द्यावयास हवे. ह्या कृतींची इंग्रजी, तागालोग आणि देशातील प्रमुख बोलींत भाषांतरे करावीत, त्यांच्या स्वस्त आवृत्त्या छापाव्यात आणि खेड्यापाड्यांतील पंचायतींमार्फत त्या विनामूल्य वाटाव्यात, असे ती तरतूद सांगते. तिची अंमलबजावणी कितपत झाली हा वेगळा प्रश्न. तत्त्व महत्त्वाचे आहे. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापर्यंत ते परत नेणे ही लेखकाच्या मर्जीची बाब नसून सन्मान देणाऱ्या राष्ट्राचे कर्तव्य आहे, असे येथे प्रथमच मानले गेले.

साहित्य अकादमीच्या पुरस्काराशी असे कर्तव्य जोडलेले नाही. अकादमी ज्या २४ भाषांतील साहित्यास पुरस्कार देते, त्यांत वारली नाही. परुळेकरांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९७५ मध्ये कलकत्त्याहून निघाले. पुस्तकाचा प्रवास वर आणि बाहेर असा झाला. खाली आणि आत असा प्रवास व्हावा, ह्यासाठी सन्मानाच्या यंत्रणेत जागाच नव्हती.

४

यावर असे सुचविले जाईल की लेखकाने लोकांच्या भाषेत लिहिले की प्रश्न सुटतो. आमादो हर्नांदेझ (१९०३-१९७०) यांचे उदाहरण ह्या मताची शक्ती आणि मर्यादा दोन्ही दाखविते. ते तागालोगमध्ये लिहीत आणि कामगार संघटनेचे नेते होते. १९५१ मध्ये बंडखोरीच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. ते १९५६ पर्यंत तुरुंगात होते, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. त्यांच्या १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीचे नाव 'शिकारी पक्षी' अशा अर्थाचे आहे. रिझालच्या दुसऱ्या कादंबरीच्या शेवटी समुद्रात फेकून दिलेला जवाहिरांचा पेटारा हर्नांदेझ यांचा नायक समुद्रतळातून वर काढतो आणि लोकांच्या कामी लावतो. स्पॅनिशमध्ये बुडालेले धन तागालोगमध्ये वर आले. एका कृतीला दुसऱ्या कृतीने दिलेले हे उत्तर आहे, आणि परंपरा म्हणजे पूजा नसून उत्तर असते ह्याचे ते उत्तम उदाहरण आहे.

तथापि तागालोग ही इलोकानोभाषक किंवा सेबुआनोभाषक शेतकऱ्याची भाषा नव्हे. राष्ट्रीय भाषेचा पाया म्हणून तिची निवड झाली तेव्हा इतर भाषकांच्या दृष्टीने तीही राजधानीची भाषा ठरली. मराठी आणि वारली ह्यांच्यातील नाते येथे पुन्हा समोर येते. एक सत्ताभाषा उतरली की तिच्याखालची भाषा सत्ताभाषा होते. लोकभाषेचा प्रश्न एका पायरीने सुटत नाही. प्रत्येक पायरीवर तो नव्याने विचारावा लागतो. ज्यांना आपण ह्या शिडीच्या तळाशी आहोत असे वाटते, त्यांनीही आपल्या खाली कोणी आहे काय हे वाकून पाहावे लागते.

सन्मानाचे काय करावे, ह्याचेही एक उत्तर फिलिपीन्समध्येच मिळते. 'राष्ट्रीय कलावंत' हा सन्मान मार्कोस राजवटीत निर्माण झाला, आणि त्याच वर्षी लष्करी कायदा पुकारला गेला. १९७३ मध्ये हर्नांदेझ यांना तो मरणोत्तर मिळाला. ज्याला राज्याने तुरुंगात ठेवले होते, त्याला मृत्यूनंतर राज्याने आपला म्हटले. मृताला नकार देता येत नाही, हे अशा गौरवाचे सोयीचे अंग. १९७६ मध्ये इंग्रजीत लिहिणारे निक होआकिन यांना हाच सन्मान देऊ केला गेला. तुरुंगात असलेल्या होसे लाकाबा ह्या कवी-पत्रकाराची सुटका व्हावी, ह्या अटीवर त्यांनी तो स्वीकारला, आणि लाकाबा सुटले. होआकिन यांची भाषा लोकभाषा नव्हती. परंतु गौरव ही हाती आलेली पत आहे आणि ती दुसऱ्याच्या खात्यावर वळविता येते, हे त्यांनी कृतीने दाखविले. भाषेची शुद्धता एकीकडे आणि ऋणाची जाणीव दुसरीकडे असू शकते.

५

आता ह्या विवेचनावरील सर्वांत गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागेल. दलित साहित्याच्या चर्चेतून पुढे आलेली भूमिका अशी, की सहानुभूती हे स्वानुभवाची जागा घेऊ शकत नाही. ज्याने सोसले त्यानेच लिहावे. भिल्ल समाजातून आलेले कवी वाहरू सोनवणे यांनीही दुसऱ्यांनी आपल्या वतीने व्यासपीठावरून बोलण्याचा प्रश्न धारदारपणे मांडला आहे. ही भूमिका पूर्णतः मान्य केल्यास 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलेच जावयास नको होते, असा निष्कर्ष निघेल. तो निष्कर्ष टिकत नाही. ते लिहिले गेले नसते तर लग्नगड्याची नोंद सिमिंग्टनसारख्यांच्या अहवालांत, पोलिसांच्या कागदांत आणि जमीनदारांच्या वह्यांत तेवढी उरली असती. मौन हे निष्पक्ष नसते. ज्याच्या हाती वही असते त्याला ते लाभदायक ठरते. म्हणून लिहिणे हा अपराध नव्हे. परंतु लिहून झाल्यावर हिशेब पूर्ण झाला असे मानणे हा प्रमाद आहे.

राष्ट्राने वारल्यांकडून काहीच स्वीकारले नाही असेही नाही. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे देशापुढे आली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज वारली चित्र देशभर ओळखले जाते. मात्र चित्राला भाषांतर लागत नाही. पाहणाऱ्याला वारली शब्द न शिकताही ते आपले म्हणता येते. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवासिनींची चित्रकला कागदावर उतरली. त्याच चौकासमोर गाणाऱ्या धवलेरीचा शब्द मात्र राष्ट्रीय साहित्याच्या उंबऱ्याबाहेर राहिला. चित्र घेतले आणि शब्द ठेवला, ही निवड कोणी जाणूनबुजून केलेली नाही. म्हणूनच ती अधिक विचार करावयास लावणारी आहे.

लग्नगड्याच्या दास्याचे मूळ कर्जात होते, परंतु त्याचे बळ हिशेबाच्या एकतर्फीपणात होते. देणेकऱ्याला वही वाचता येत नव्हती. राष्ट्रीय साहित्यात स्थिती उलटी आहे आणि तरीही तीच आहे. येथे ऋणको लेखक आणि राष्ट्र आहेत, धनको वारली आहे. पण वही अजूनही ऋणकोच्याच हाती आहे, आणि कर्ज फिटले असे तोच पुरस्काराच्या रूपाने जाहीर करतो. दोन्ही हिशेबांत वारली हा वही न वाचता येणारा पक्ष आहे.

ह्यावरून दुसऱ्याच्या दुःखाच्या साहित्याला लावावयाची एक कसोटी सुचते. लेखक त्या समाजात जन्मला की नाही, हा त्या कसोटीचा प्रारंभबिंदू असू शकेल, शेवट नव्हे. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते वाचता येईल, तपासता येईल आणि त्यावर 'हे असे नव्हते' असे म्हणता येईल, एवढी वाट त्या लेखनाने व त्याचा गौरव करणाऱ्यांनी उघडी ठेवली आहे काय, हे पाहावयास हवे. रिझालला हर्नांदेझ यांच्याकडून उत्तर मिळाले, त्यास जवळपास आठ दशके लागली. गोदावरीबाईंच्या पुस्तकाला वारली शब्दांत उत्तर मिळेल तेव्हा ते कौतुकाचेच असेल असे नाही. एखादी नरपडची मुलगी शाळेत शिकलेल्या मराठीत ते पुस्तक वाचून, आपल्या आजीच्या लग्नात ऋणाशिवाय आणखी काय काय होते, हे आपल्या बोलीत सांगू लागली, तर पुस्तकातील काही विधाने तिला खोडावी लागतील. त्या खोडण्याने पुस्तक लहान होणार नाही. ज्या लेखिकेने शीर्षकातून स्वतःचे कर्तेपण वगळले, तिच्या पुस्तकाला हाच सन्मान सर्वांत अधिक शोभेल.